तहान न लागलेली झाडं

माझ्या वडिलांना लिहिता-वाचता बेताचंच येतं, पण डिसेंबर आला की आजूबाजूचे संत्र्याचे बगिचेवाले त्यांना गाडीवर बसवून न्यायला यायचे. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात नेमकं हेच गेलं.

आमचं गाव हिंगण्याच्या पुढे. संत्र्याला फुलं यायला हवी असतील तर थंडीत त्याचं पाणी तोडावं लागतं. झाड तहानलं, पानं मलूल होऊन थोडी गळाली, की मग पाणी सोडायचं. तेव्हा कुठे ते फुलांवर येतं. याला ताण देणं म्हणतात. ताण कमी पडला तर नुसता पाला, जास्त झाला तर झाड वाळतं. पाणी सोडायचा दिवस बाबांना बरोबर कळायचा. भर दुपारी जायचे, एक पान मुठीत दाबून पाहायचे, पायाच्या अंगठ्यानं बुडाजवळची माती उकरायचे आणि सांगायचे, "अजून चार दिवस." लोक मुकाट्यानं चार दिवस थांबायचे. बदल्यात मिळायचा चहा, आणि "काकाजी, तुम्ही होते म्हणून जमलं" एवढं एक वाक्य. त्या वाक्यावर बाबा वर्षभर ताठ चालायचे.

मी मात्र दीडशहाणा. कारखान्यात बारा वर्षं शिफ्ट केल्यावर मला शेतीतलं सगळंच कळायला लागलं होतं. मोबाइलवर जो तो सांगत होता, क्षेत्र वाढवा, भाजीपाला वाढवा. शहराच्या टोकाला हुडकेश्वरकडे कालच्या शेतात आज फ्लॅट उभे होते आणि फ्लॅटवाल्यांना रोज ताजी फूलगोबी हवी होती. बगिच्याखाली आमचं गवताचं पडीत होतं. ते मी मशीन लावून मोडलं. बाबा एका शब्दानं आडवे आले नाहीत, उलट स्वतः दगड वेचायला बसले. पहिल्याच हिवाळ्यात गोबी आणि वांगी अशी आली की माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

दुसऱ्या वर्षी मोडायला जमीनच उरली नव्हती. एका अंगाला नाला, दुसऱ्या अंगाला लेआउटच्या प्लॉटांचे दगड. मग मी संत्र्याच्या ओळींमधली जागा धरली. तिथे वाफे केले, ठिबकच्या नळ्या पसरल्या, गोबीची रोपं लावली. डिसेंबर आला.

"नळ्या बंद कर गा," बाबा म्हणाले. "झाडाईले ताण द्या लागते."

"मंग गोबी वाळन ना, बाबा."

"वाळू दे. पहिले बगिचा."

"नळी गोबीपुरतंच पाणी सोडते. झाडाले काही होत नाही."

"मुळं काय तुले विचारून फिरतात का?"

यावर मी जे बोललो ते आजही विसरता येत नाही. म्हणालो, "तुमचा जमाना गेला आता. तुमाले काय समजते?"

त्या महिन्यात बाबा गावभरचे बगिचे पाहून आले, फक्त आमच्या बगिच्यात गेले नाहीत. फेब्रुवारीत गाव फुलांच्या वासानं भरलं. आमची झाडं हिरवीगार, तुकतुकीत, आणि एकाही फांदीवर कळी नाही. गोबी तर सगळ्यांनीच लावली होती. बाजारात कुणी विचारलं नाही, आमची निम्मी गाईनं खाल्ली. अति तिथे माती, हे मी शाळेत फळ्यावर लिहिलं होतं.

मग संत्र्याचा व्यापारी आला. दरवर्षी येणारा, बाबांना मानणारा. मान वर करून दोन ओळी चालला आणि हसला. "काकाजी, औंदा पाला विकून राहिले का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"माहाच अंदाज चुकला," बाबा म्हणाले. "म्हातारा झालो आता."

मी चार हात अंतरावर उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही. लाज वाटली म्हणून गप्प बसलो असं नाही. सुटलो, असं वाटलं म्हणून गप्प बसलो. व्यापारी तिथून पुढच्या बगिच्यात गेला, त्याच्याही पुढच्या बगिच्यात गेला, आणि बाबांचं वाक्य त्याच्याबरोबर गेलं. आमच्या नळ्या गावाला दिसत नव्हत्या असं नाही. पण म्हातारा स्वतःच कबूल करतो म्हटल्यावर कोण कशाला शंका घेतो?

या डिसेंबरात मी नळ्या गुंडाळून ठेवल्या. बाबा रोज सकाळी आंघोळ करून, टोपी घालून, खांद्यावर दुपट्टा टाकून ओट्यावर बसायचे. पहिला आठवडा गेला. दुसरा गेला. न्यायला कुणी आलं नाही.

मग एका सकाळी दारात मोटारसायकल थांबली. शेजारच्या शिवारातला बगिचेवाला. वीस वर्षं बाबांना विचारल्याशिवाय त्यानं पाणी सोडलं नव्हतं. बाबा उठले, चपला घातल्या.

"बसा काकाजी, बसा," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "तुमच्याकडेच आलो. औंदा गोबीले भाव आहे म्हणतात, बगिच्यात लावून राहिलो, तुमच्यासारखी. नळ्या कशा टाकल्या होत्या?"

आता तरी बोलायलाच हवं होतं. बोललो. गोबी लावू नका, बाबांचा अंदाज चुकलाच नव्हता, त्यांनी पाणी बंद करायला सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही, बगिचा माझ्यामुळे गेला. सगळं सांगितलं, बाबांसमोर, मोठ्यानं.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बाबांकडे पाहून कौतुकानं म्हणाला, "पोरगा असावा तं असा, काकाजी. बापाची चूक आपल्यावर घेऊन राहिला."

बाबांनी चपला काढल्या, भिंतीशी नीट लावून ठेवल्या आणि आत गेले.