दुपारी कुणीतरी स्कॅन बघायचं

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. या ग्रुपवरचे अनुभव वाचते, पण वाचता वाचता प्रत्येकाचं काहीतरी साधं कारण शोधत असते. कामच तसं आहे माझं... एखादी सिस्टिम हळू का झाली, ते शोधून काढायचं.

सोलापुरात सात रस्त्याच्या जवळ एक हॉस्पिटल आहे, नाव देत नाही. तिथले सगळे एक्स-रे, सीटी स्कॅन तीन सर्व्हरवर मिळून साठवलेले असतात. एकाच स्कॅनचे बारीक तुकडे करून ते तिन्हीकडे पसरवायचे, प्रत्येक तुकड्याच्या प्रती ठेवायच्या. एक मशीन बंद पडलं तरी काही हरवत नाही. गेल्या उन्हाळ्यात तक्रार आली, की दुपारी स्कॅन उघडायला फार वेळ लागतोय.

"अपघाताचा पेशंट टेबलावर असतो आणि मी स्क्रीनवरचं चक्र बघत बसतो," तिथले रेडिओलॉजिस्ट डॉ. अमोल म्हणाले. "एखाद्या दिवशी महागात पडेल, ताई."

मी सकाळी बेंचमार्क लावला. म्हणजे छोटे छोटे तुकडे लिहायचे, वाचायचे आणि प्रत्येकाला लागणारा वेळ मोजायचा. आकडे उत्तम आले. केबल बदलून पाहिल्या, नेटवर्क पाहिलं, डिस्क एकेक करून तपासल्या... सगळं ठीक. मग दुपार झाली. वॉर्डातली जेवणं उरकली, बाहेरचं ऊन पांढरंफटक पडलं, कॉरिडॉरमधले नातेवाईक बसल्या जागी पेंगायला लागले — आणि सकाळी पळणारी तीच टेस्ट रांगायला लागली.

कारण सापडलं. एका डिस्कवरची एक जागा कमजोर झाली होती. तिथलं वाचायला गेलं की डिस्क अडखळायची आणि मागची सगळी रांग तटून राहायची. डिस्क बदलली, वेग परत आला. पण ती जागा दुपारीच कोण वाचत होतं? ती जागा एका जुन्या व्हॉल्यूममध्ये, म्हणजे साठवणीच्या कप्प्यात होती, आणि तो आता कुठल्याच मशीनला जोडलेला नव्हता. नोंदीत वाचणाऱ्याचा पत्ता कोरा यायचा. आणि नवीन डिस्कवरही ते वाचन रोज चालूच राहिलं. संथ... एक तुकडा, थांबणं, पुढचा तुकडा, पुन्हा मागे. प्रोग्राम असा वाचत नाही. माणूस असा वाचतो.

तिथे छातीचा एकच सीटी स्कॅन होता. डॉ. अमोलनी तो उघडला. "हा पेशंट शैलजा मॅडमचा. माझ्या आधी त्या इथं रेडिओलॉजिस्ट होत्या. पॅरालिसिसचा झटका आला, तेव्हापासून वळसंगला भावाकडे असतात. त्यांनाच विचारा."

रविवारी दुपारी वळसंगला गेले. त्यांच्या वहिनी दारातच भेटल्या. "बर्री, कूड्री," असं कानडीत म्हणून त्यांनी मला आत बसवलं. "वन्सं झोपल्यात. जेवण झालं की लई गाढ झोप लागती त्यांना. हाताचं तेवढं चालू असतंय बगा."

खिडकीशी कॉटवर शैलजा मॅडम झोपल्या होत्या. चादरीवर त्यांचा उजवा हात, आणि त्याचं एक बोट हळूहळू पुढे मागे फिरत होतं. माउसचं चाक फिरवावं तसं. मला काय वाटलं कोण जाणे, मी मोबाईलवर हॉस्पिटलच्या सर्व्हरवरच्या त्या वाचनाचा ग्राफ उघडला. बोट फिरलं की रेघ वर चढायची. बोट थांबलं की सपाट. खोलीत पंखा फिरत होता, बाहेर कुठंतरी कडब्याचा वास येत होता, आणि मला भीती अशी वाटलीच नाही. कुणाच्या तरी स्वप्नाच्या काठाशी बसल्यासारखं वाटत होतं.

बराच वेळ गेला. बोट थांबलं, त्यांनी डोळे उघडले. मी नाव सांगितलं, हॉस्पिटलमधून आले म्हटलं. त्यांची जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते.

"हल्ली लगेच उघडतं," त्या म्हणाल्या. "मधी फार अडकायचं. तुम्ही दुरुस्त केलंत?"

मी मान हलवली.

"केम गावची ती बाई आली का? फुप्फुसात ठिपका हाय तिच्या. परत ये म्हणाले होते तिला... मग मीच पडले."

बाहेर येऊन मी डॉ. अमोलना फोन केला. त्यांनी त्या जुन्या स्कॅनमधला ठिपका निरखून पाहिला, केमच्या त्या बाईंना गाठलं. त्या तशा ठणठणीत होत्या, म्हणून परत आल्याच नव्हत्या. नवीन स्कॅनमध्ये ठिपका वाढलेला निघाला. वेळेत ऑपरेशन झालं. आता त्या बऱ्या आहेत, शेतात जातात.

नवीन स्कॅन झाला त्या दुपारपासून ते वाचन बंद पडलं. मी लॉग कितीदा चाळले, ओळखीच्या लोकांना दाखवले. कोऱ्या पत्त्याचा उलगडा कुणालाच झाला नाही, मला तर नाहीच.

ऑपरेशनचं सांगायला मी पुन्हा वळसंगला गेले. शैलजा मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. डोळे भरून आले त्यांचे. वहिनींनी पाणी दिलं. मग माझा हात धरून त्या हळूच म्हणाल्या, "बरं झालं. पण आता दुपारी मी कुठं जाऊ?"