फुलवालीचा जबाब

बाळापूर तालुक्यातली ती केस पोलिसातून निवृत्त झाल्यावरही माझ्या मनातून गेलेली नाही. मुलीचं नाव, गाव सांगणार नाही. कायदाही तेच सांगतो आणि माझं मनही.

खबर दिली ती आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या एका बाईने. ठाणे अंमलदाराला बाजूला सारून ती थेट माझ्यापुढे उभी राहिली. "साहेब, माझ्या बाजूले शेवंती विकणारी पोट्टी बाजारात येनंच बंद झाली. मी तिच्या घरी गेली तं फुलं नेणाऱ्या टेम्पोवाल्याचं नाव काढल्याबरोबर पोट्टी आत पळाली. काहीतरी वाईट झालं हाये."

मी गणवेशातलं कोणी पाठवलं नाही. आमच्या महिला उपनिरीक्षक साध्या साडीत मुलीच्या घरच्या मळ्यावर गेल्या. मुलीची आई दारातच म्हणाली, "नोका लिहू मॅडम, लोक काय म्हणतीन?" मॅडमनी कागद काढलाच नाही. मुलगी शेवंती तोडत होती, त्याही तोडायला लागल्या. उन्हं चढेपर्यंत दोघी नुसती फुलं तोडत होत्या. मग मुलगी बोलली. त्यांची फुलं अकोल्याला नेणाऱ्या टेम्पोवाल्यानेच मळ्याच्या वाटेवर तिच्यावर बलात्कार केला होता. सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "मॅडम, मी आता बाजारात बसू शकीन काय?"

जबाब झाला, वैद्यकीय तपासणी झाली, गुन्हा दाखल झाला. टेम्पोवाला मात्र बेफिकीर. "मी तं त्या दिवशी बडनेऱ्याले होतो." मी आवाज चढवला नाही, चहा मागवला. खोटं बोलणाऱ्याला बोलू द्यावं, तो विचारल्यापेक्षा जास्त सांगतो. यानेही न विचारता टायर पंक्चर झाल्याचं सांगितलं, कुठल्या दुकानात काढलं तेही. तो दुकानदार त्या दिवशी भाचीच्या लग्नात होता, दुकानाला कुलूप. मोबाइलचं लोकेशनही मळ्याजवळचंच निघालं. हे समोर ठेवल्यावर त्याचा चेहरा उतरला. पुढे कोर्टात शिक्षा झाली.

आमची फाइल बंद झाली, पण मुलगी घराबाहेर पडत नव्हती. समुपदेशक यायच्या, मॅडमही सुट्टीला चक्कर मारायच्या. भाजीवाली बाई दर बाजाराला सकाळी तिच्या दारात उभी राहायची.

"येतं काय वं?"

"नाही मावशी."

"बरं, पुढच्या बाजाराले."

ना ओढणं, ना उपदेश. एका बाजाराला पोरगी टोपली घेऊन निघाली.

इतकी वर्षं मी गुन्हेगार पकडले, त्याचा अभिमान आहे. पण माणूस बरं व्हायला वेळ लागतो आणि तो न कुरकुरता द्यावा लागतो, हे मला त्या बाईने शिकवलं.

मागे एकदा त्या बाजारात गेलो होतो. एक गिऱ्हाईक मुलीची फुलं खालीवर करत होतं.

"भाऊ, हात नोका लावू!" ती अशी ठणकावून म्हणाली की आजूबाजूच्या बायांनी माना वर केल्या. "किती पाह्यजे ते सांगा, मी देते."

त्याने मुकाट्याने हात मागे घेतला. मला हसू आलं, फार बरं वाटलं. मी ओळख न दाखवताच परत फिरलो. तिथे आता पोलिसाचं काही काम उरलं नव्हतं.