तिच्या गावचा चंद्रोदय

आमच्या घराची सगळी कामं पूर्वी हिच्या तोंडात असायची. सकाळी चहा गाळता गाळता माझ्या बायकोची सुरुवात व्हायची. "गॅसचा नंबर लाव. आईंच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यात. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, जा, नाहीतर गैरहजेरीत तुलाच सेक्रेटरी करून ठेवतील." मी पेपरातून मान वर न करता हो हो म्हणायचो. हा नुसताच हो म्हणतोय हेही तिला कळायचं. संध्याकाळी बँकेतून आली की चपला काढतानाच विचारायची, "केलंस ना?" कटकट वाटायची तेव्हा. कुणाला नाही वाटत?

ही सरकारी बँकेत आहे. बढती घेतली की गाव सोडावं लागतं, हे बँकवाल्यांच्या घरात सगळ्यांना पाठ असतं. हिने बढती घेतली आणि भुवनेश्वरला गेली. घेतलीच पाहिजे होती, इतकी वर्षं राबली होती ती. मुलगी आधीच बंगळुरूला नोकरीला लागलेली. मुलुंडच्या घरात राहिलो मी आणि माझी आई. "दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे," असं जो तो सांगून गेला. सांगणाऱ्याचं काय जातंय!

पहिल्या काही महिन्यांत वाट लागली. अर्ध्या पोळ्या झाल्या असताना गॅस संपला. सोसायटीने मला खरंच सेक्रेटरी केलं. आईच्या गोळ्या एका रविवारी संपल्या आणि मी घाटकोपरपर्यंत दुकानं पालथी घालून आलो. आई म्हणाली, "ती होती तेव्हा तुला दुकान तरी माहीत होतं का रे?"

मी घरूनच प्रोग्रामिंग करतो, त्यामुळे दिवसभर कोड लिहायचा एक एडिटर समोर उघडा असतो. दिसायला अगदी दळभद्री. काळी खिडकी, त्यात अक्षरं. पण त्यात कामांची एक सोय आहे. साध्या फाइलमध्ये एका ओळीत एक काम लिहायचं, पुढे तारीख टाकायची. सकाळी एक बटण दाबलं की आजची सगळी कामं वर येऊन बसतात, राहिलेली लाल रंगात. ऑफिसच्या कामांसाठी मी ती आधीपासून वापरत होतो. आता तिच्यात घर भरायला घेतलं. गॅस, गोळ्या, दूधवाल्याचे आणि कामवाल्या मावशींचे खाडे, पाण्याच्या टाकीची सफाई, सगळं.

या फाइलची खरी मजा अशी की ती हवी तशी वळवता येते. मुळात प्रत्येक कामापुढे इंग्रजीत 'टूडू' लिहिलेलं येतं, झालं की 'डन'. मला ते बघून ऑफिसात बसल्यासारखं वाटायचं. एकदा दुपारी जेवल्यावर मी सेटिंग उघडली आणि 'टूडू'च्या जागी लिहिलं, "करतोस ना?" मग 'डन'च्या जागी "झालं बाई एकदाचं." रद्द केलेल्या कामासाठी "राहू दे, मीच करते." हे तर तिचं खास वाक्य, ते ऐकलं की मी उठायचोच. तारीख उलटलेल्या कामापुढे लाल अक्षरांत "कधी?" असा एकच शब्द. गंमत म्हणून केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं आणि स्क्रीनभर ती बोलायला लागली. चहा माझाच होता, आणि नेहमीप्रमाणे गोड झाला होता. मी बराच वेळ नुसता ते वाचत बसलो.

घर मात्र झकास चालायला लागलं. आता माझी खुमखुमी वाढली. आणि इथेच मी करायला गेलो एक नि झालं भलतंच.

आई संकष्टीचा उपास करते. रात्री चंद्र उगवला की गॅलरीतून त्याला अर्घ्य द्यायचं, नैवेद्य दाखवायचा आणि मगच जेवायचं. कॅलेंडरातली चंद्रोदयाची बारीक अक्षरं तिला आता दिसत नाहीत. ही इथे होती तेव्हा वाचून सांगायची. भुवनेश्वरला गेल्यावर ती दर संकष्टीला संध्याकाळी फोन करायला लागली, पण कॅलेंडर बघून नाही. भुवनेश्वर पूर्वेला, तिथे चंद्र आपल्या आधी उगवतो. ती क्वार्टरच्या गच्चीवर जायची, चंद्र दिसला की तिथूनच फोन लावायची. "निघालाय हं. आईंना सांग, तासाभरात पोचेल तिकडे." मग आईशी बोलायची, मग माझ्याशी. इकडे आमच्या गॅलरीत, मिठागरांच्या बाजूला दोन टॉवरांमधली फट हळूहळू उजळायची तोवर आमच्या गप्पा चालायच्या. रोजचे फोन म्हणजे जेवलीस का, जेवलास का. संकष्टीचा फोन वेगळा. हातात काही काम नसलेली ती फक्त तेव्हा भेटायची.

आणि मी शहाण्याने काय केलं, तर चंद्रोदय फाइलमध्ये आणला. त्याचं गणित असतं, ते कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश द्यायचे, संकष्टी कुठल्या दिवशी ते द्यायचं, की वेळ आपोआप येते. पुढच्या संकष्टीला मी दुपारीच आईला वेळ सांगून मोकळा झालो. संध्याकाळी हिचा फोन आला तेव्हा आई म्हणाली, "अगं, माहितीये मला, त्याच्या मशिनीने दुपारीच सांगितलंय." "हो का? बरं झालं," ही म्हणाली. त्याच्या पुढच्या संकष्टीला फोन आला नाही. मला वाटलं, असेल कामात.

गणपतीला ती आली. मोठ्या हौसेने मी तिला लॅपटॉपसमोर बसवलं. बघ, हे खाडे, हे गॅसचं, हा चंद्रोदय. तिने सगळं शांतपणे वाचलं. स्वतःची वाक्यंही वाचली. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "मी एवढंच बोलायचे का रे?"

"अगं, गंमत केलीये."

"नाही, छान आहे. सगळं वेळेवर होतंय. माझ्यावाचून काही अडत नाही."

ती हे चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी भांडलो असतो. ती उठली आणि मोदकांची उकड बघायला गेली.

जाण्याच्या आदल्या दिवशी भांडी लावता लावता तिने सांगितलं. मुंबईत परत यायचं असेल तर महिनाअखेरच्या आत विनंती-बदलीचा अर्ज टाकावा लागणार होता. नाही टाकला तर मुक्काम तिथेच, आणखी दोन वर्षं. साहेब तिला राहाच म्हणत होते, पुढची बढतीही तिथूनच मिळाली असती. "काय करू?" तिने विचारलं. तोंडाशी आलं होतं, ये म्हणून. पण तिच्या नोकरीत आपण खोडा घालायचा नाही असं मनाशी ठरवलेलं. मी म्हणालो, "तुला योग्य वाटेल ते कर." किती समंजस, नाही का? तिने कढई जागेवर ठेवली आणि दिवा बंद केला.

ती गेली. मी फाइलमध्ये एक ओळ लिहिली, 'हिचा अर्ज', आणि महिनाअखेरची मुदत टाकली. काम तिचं, पण लिहिलं माझ्या फाइलीत, त्यामुळे रोज सकाळी ती ओळ मला विचारायची, "करतोस ना?" मी काय करणार होतो? मी खाली सरकून गॅसचं बघायचो.

त्याच आठवड्यात मी आणखी एक उद्योग केला. फाइलीच्या सेटिंगमध्ये मुलुंडचे अक्षांश-रेखांश होते, ते पुसून भुवनेश्वरचे टाकले. त्यामुळे सकाळच्या यादीच्या डोक्यावर तिथला सूर्योदय दिसायचा, तिथला सूर्यास्त. आता तिच्या खिडकीत ऊन आलं असेल. आता ती दिवे लावत असेल. वयाची पन्नाशी उलटली तरी माणूस असले चाळे करतो. कुणाला सांगायची सोय नाही, आईला तर नाहीच. मला ती हवी होती. कामांसाठी नाही. कामं होत होती, आणि तीच तर पंचाईत होती.

मग संकष्टी आली. सकाळी यादीतून चंद्रोदयाची वेळ वाचून मी आईला सांगितली. आई म्हणाली, "आज लवकरच आहे की." संध्याकाळी तिने नैवेद्याचं ताट केलं, ताम्हन-पळी घेतली आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसली. दिवसभरात खिचडीसुद्धा खाल्ली नव्हती तिने. वेळ झाली. आभाळ स्वच्छ, टॉवरांच्या फटीत काही नाही. आणखी वेळ गेला. ताटातली वरण-भाताची मूद गार झाली.

"कुठे गेला रे चंद्र?"

"येईल गं, टॉवरमागे असेल. निघालाय कधीच, यादीत आलंय ना."

"यादीत निघाला असेल. आभाळात नाही निघालेला."

मी वैतागून लॅपटॉप उघडला, आईला दाखवायला म्हणून. आणि सेटिंगमधला तो आकडा दिसला. माझे कान गरम झाले. काहीतरी थाप मारावी असं क्षणभर वाटलं, पण आई सकाळपासून उपाशी होती.

"आई, ही वेळ इकडची नाहीये. तिकडची आहे. भुवनेश्वरची."

"तिकडची कशी आली?"

"मीच लावून ठेवली होती. तिकडे कधी उजाडतं, कधी मावळतं ते दिसावं म्हणून."

आई माझ्याकडे बघत राहिली. मी आता बोलणी खायच्या तयारीत होतो. ती म्हणाली, "म्हणजे तिकडे निघालाय?"

"हो. कधीचाच."

"मग तिने बघितला असेल." ताम्हनातलं पाणी न सांडता तिने ते खाली ठेवलं. "हे तिला सांगितलंस?"

"काय सांगायचं त्यात?"

"शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. तुला काय मारावं तेच कळत नाही. लाव फोन."

मी फोन लावून दिला. आईने कसलीही प्रस्तावना केली नाही. "अगं, तुझ्या नवऱ्याने मला तुझ्या गावच्या चंद्रावर उपास सोडायला बसवलंय. हो. मशिनीत मुलुंड काढून तुझं गाव घातलंय त्याने. कधीपासून काय विचारतेस, तू गेलीस तेव्हापासून. तुझ्याकडे कधी उजाडतं ते बघत बसतो रोज. मला म्हातारीला उपाशी ठेवून." मग ती बराच वेळ नुसतं ऐकत होती. "हं. हं. देते," म्हणून तिने फोन माझ्या हातात दिला आणि तोंड वळवून टॉवरांकडे बघत बसली.

"तू राहतोस कुठे नक्की?" ही म्हणाली. आवाज हसल्यासारखा होता आणि नव्हताही.

"चुकून राहिलं ते सेटिंग."

"खोटं बोलू नकोस."

मी म्हणालो, "गच्चीवर आहेस?"

"हो."

"दर वेळी जातेस?"

"जाते ना. फोन नाही करत. तुम्हाला माहीत असतं."

मुदतीला थोडेच दिवस राहिले होते, आणि रोज सकाळी जे मला विचारलं जात होतं ते मीच करायचं होतं, हे तेव्हा कळलं. मी म्हणालो, "ऐक ना. सगळी कामं झालीयत. गॅस आहे, गोळ्या आहेत, कशासाठीही तू नकोयस. तरी ये. मला करमत नाही."

ती हळूच म्हणाली, "हे गणपतीत बोलायला काय झालं होतं तुला?" आणि लगेच, नेहमीच्या आवाजात, "आईंना विचार, दिसला का."

दिसला होता. फट पिवळी झाली होती आणि आई अर्घ्य देत होती.

दुसऱ्या दिवशी तिने अर्ज टाकला. बदल्यांची यादी अजून लागलेली नाही. लागेल तेव्हा लागेल, आणि तिचं नाव त्यात असेलच असंही नाही. बँकेचा कारभार आहे, आपल्या हातात काय.

फाइलीत मी मुलुंड परत घातलं. तिची वाक्यं काढून टाकली, तिथे आता नुसतं 'बाकी' आणि 'झालं' असतं. तिने फोनवर विचारलं, का काढलीस, तर म्हणालो, तू येऊन म्हण. आणि चंद्रोदयाचं सगळं गणितच पुसून टाकलं, सुरेख चालत होतं तरी. परवा संकष्टी होती. सकाळी आईने विचारलं, "आज चंद्र किती वाजता रे?" कॅलेंडर माझ्या डोक्याशीच टांगलेलं होतं. मी म्हणालो, "माहीत नाही. फोन येईल."