खाल्लं, दोन

मार्च महिन्यातला दुसरा रविवार, दुपारी सव्वातीन. मागितलेली रक्कम दोन लाख रुपये. जागा, कडेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात रस्त्याकडेला असलेलं धाकट्या भावाचं वेल्डिंगचं दुकान. हजर माणसं सात: भाऊ, त्याची बायको, आमचे वडील, साताऱ्याहून सुट्टीला आलेला मी आणि गाडीतून उतरलेले तिघे.

तिघांतला म्होरक्या पन्नाशीचा होता. आत आला तो सरळ भावापाशी गेला आणि एक शब्द न बोलता त्याच्या कानाखाली दिली. भावाच्या तोंडातली सुपारी माझ्या पायाशी येऊन पडली. दुसऱ्याने मागून मान आवळली. तिसरा, तिशीच्या आतबाहेरचा आडव्या अंगाचा गडी, त्याने भावाचा उजवा हात टेबलाला बसवलेल्या व्हाइसमध्ये घातला. व्हाइस म्हणजे लोखंड पकडून ठेवायचा जबडा. दांडा फिरवला की तो मिटतो. भाऊ दिवसभर त्यात पाइप धरून कापतो. गड्याने दांडा फिरवला. एक आटा, दोन, तीन. तिसऱ्याला भाऊ ओरडला. मी आटे मोजत होतो. त्याची लाज अजून वाटते.

"दोन लाख," म्होरक्या म्हणाला. "बेस्तरवारच्या म्याचचं. आजच्या आज. न्हाईतर ह्यो हात पुन्हा भाकरी मोडायला ऱ्हाणार न्हाई."

"कसली मॅच?" मी विचारलं.

"बायकांची. आफ्रिकेतल्या. नाजेरिया आन् युगांडा."

मला वाटलं माणूस चुकीच्या दुकानात शिरलाय. मी तसं म्हणालोही. त्याने भावाकडे बोट केलं. "इचारा की तुमच्या भावाला."

भावाने मान खाली घातली, आणि मला कळलं की दुकान चुकलेलं नाही.

आफ्रिकेतल्या देशांच्या महिला संघांची ती क्रिकेट स्पर्धा त्या आठवड्यात चालू होती. भाऊ दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोनवर ते सामने बघायचा आणि पाचशे, हजार लावायचा. नंतर इस्पितळात त्याने मला कारण सांगितलं. आपल्या सामन्यांवर सगळा देश पैसे लावतो, तिथं सगळ्यांनाच सगळं ठाऊक असतं. या बायकांचं कुणालाच काही ठाऊक नाही, मग जो बसून बघेल तो जिंकेल. युगांडाच्या अकराही जणी त्याला चेहऱ्याने ओळखू यायच्या. कुणाचा चेंडू आत येतो, कोण पुढं वाकून मारते, कोण पळताना दमते, सगळं पाठ. एवढा अभ्यास त्याने दहावीला केला नव्हता.

तो गुरुवारचा सामना मी पुढे साताऱ्यात घरी बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. मैदानाकडेला पन्नासही माणसं नव्हती. हिरव्या कपड्यातल्या नायजेरियाच्या, पिवळ्या कपड्यातल्या युगांडाच्या. एक उंच हिरवी मुलगी लांबून धावत येऊन आपटून टाकत होती. तिचा एक चेंडू उसळून पिवळ्या फलंदाजाच्या बरगडीत बसला. ती गुडघ्यावर आली, थुंकली, उठली आणि पुढचा चेंडू टोलवला. त्याच्या पुढच्याला तिचा मधला स्टंप कोलांट्या खात यष्टिरक्षकापर्यंत गेला. शेवटच्या षटकात झेल घ्यायला धावलेल्या दोघी एकमेकींवर आदळल्या, एकीचं नाक फुटलं, कपड्यांवर रक्त आलं, तरी ती जागची हलली नाही. हिरव्या जिंकल्या. बायको म्हणाली, "किती मार खातात हो या पोरी." मी म्हणालो, "हो." दुसरं काय सांगणार?

दुकानात परत येतो.

भाऊ म्हणाला, "दादा, मी त्या दिवशी लावलंच न्हाई. आईशप्पत. मी ट्रॉलीखाली हुतो, वेल्डिंग चालू हुतं. फोन घरात हुता."

"आवाज मग कुणाचा हाय?" म्होरक्याने खिशातून फोन काढला. हे लोक सौद्याचे कॉल टेप करून ठेवतात. त्याने आवाज मोठा केला.

"हॅलो, नाजेरिया नव्वद. लावलं का खाल्लं?"

"आँ?"

"खाल्लं का?"

"खाल्लं, खाल्लं."

"किती?"

"दोन."

तिथं टेप थांबली. आम्ही सगळ्यांनी वडिलांकडे पाहिलं. वडील शहात्तर वर्षांचे, फौजेतून हवालदार होऊन आलेले. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, आणि फोन ते नेमका डाव्या कानाला लावतात.

"ह्यो तर मी हाय," वडील म्हणाले. "दीड वाजता फोन आला हुता. मला वाटलं पाव्हण्यांचा कुणाचा हाय. जेवलाव का म्हनून इचारतोय. मी म्हनलं खाल्लं. किती म्हनला, तर दोन. दोन भाकरी, दुसरं काय? मी रोज दोनच खातो की."

मान आवळून उभा असलेला हसायला लागला. म्होरक्यालाही हसू आलं, पण त्याने ते गिळलं.

"म्हातारबा, आमच्यात खाल्लं म्हंजी खाल्लं. आन् दोन म्हंजी दोन पेटी."

पेटी म्हणजे एक लाख. आणि सट्ट्यात जिंकेल असं वाटणाऱ्या संघावर पैसे धरणं म्हणजे लावणं, त्याच्या विरुद्ध धरणं म्हणजे खाणं. नायजेरियाचा भाव नव्वद पैसे होता. म्हणजे शंभर रुपये लावणाऱ्याला नायजेरिया जिंकली तर नव्वद मिळणार, आणि खाणाऱ्याला ते नव्वद द्यावे लागणार. हे सगळं म्होरक्या मला एखाद्या मास्तरासारखं समजावत होता आणि गडी दांड्याला हात लावून उभा होता.

इथं माझ्याकडून जे झालं ते लिहायलाच हवं. साताऱ्यातल्या कचेरीत मी अठ्ठावीस वर्षं बिलं तपासतोय. चुकीची बेरीज दिसली की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. भावाचा हात व्हाइसमध्ये होता, त्याच्या कपाळावरून घाम गळत होता, आणि मी म्हणालो, "मग दोन लाख कसे? नव्वद पैसे भाव, दोन लाख खाल्ले. एक लाख ऐंशी हजार होतात."

भावाने माझ्याकडे पाहिलं.

"बरूबर," म्होरक्या म्हणाला. "सायेबांनी हिशेब मान्य केला. एक ऐंशी. आणा."

"मी मान्य केलं नाही. मी फक्त..."

"फिरव रं," तो गड्याला म्हणाला.

चौथ्या आट्याला भावाचे पाय जमिनीवरून सुटले. तो किंचाळला नाही, कुत्र्यासारखा कण्हला. मी पुढे झालो तर दुसऱ्याने माझ्या पोटात लाथ घातली आणि मी लोखंडी पट्ट्यांच्या ढिगावर जाऊन पडलो. पडल्या पडल्या मला वडिलांचे पाय दिसले. ते सावकाश कोपऱ्यात गेले. तिथं तीन फुटी पाइप उभे करून ठेवले होते. त्यातला एक त्यांनी हातात तोलून पाहिला, ठेवला, दुसरा घेतला. मग परत आले आणि दांडा फिरवणाऱ्या गड्याच्या कोपराखाली मारला. आवाज ओल्या लाकडाचा यावा तसा आला. गड्याचा हात कोपर नसलेल्या जागी वाकला.

म्होरक्याने वडिलांना ढकललं. त्यांचं डोकं ट्रॉलीच्या चासीवर आपटलं आणि पांढरे केस एका बाजूने लाल झाले. तरी पाइप त्यांनी सोडला नव्हता.

मी उठलो आणि भावाला सोडवायला व्हाइसकडे धावलो. टेबलाच्या पलीकडून दांडा धरला आणि जोर लावून फिरवला. पलीकडून बघताना बाजू उलटी होते हे माझ्या डोक्यात आलं नाही. पाऊण आटा मी आवळला. भावाच्या पंजात काहीतरी दोनदा वाजलं. चार आटे त्या गड्याने दिले, पण हाड मोडलं ते माझ्या हाताने. डॉक्टरांना मी हे सांगितलं नाही, भावाला सांगितलं. तो म्हणाला, "मला ठावं हाय, दादा. मी बघत हुतो की."

मग भावाच्या बायकोने गॅस कटर पेटवला. ती दुकानात नवऱ्याच्या बरोबरीने काम करते, पत्रा कापायचं काम तिचंच. तिने निळी ज्योत बारीक केली आणि हात लांब करून ती म्होरक्याच्या छातीच्या दिशेने चालू लागली.

"ये म्होरं," ती म्हणाली. "ये की. तुजी बी पेटी उघडून बघूया."

म्होरक्या मागे सरला. त्याच्या शर्टाची बाही करपल्याचा वास आला. दुसरा आधीच गाडीत बसला होता. दोन मिनिटांत गाडी गेली. मोडक्या हाताचा गडी मात्र जमिनीवर तसाच राहिला. त्याने गाडीला हाका मारल्या, पण ती थांबली नाही.

कटर बंद करून तिनेच व्हाइस सोडवला. बरोबर बाजूने.

माझ्या गाडीत सांगलीला निघालो तेव्हा भाऊ पुढे, पंजाला टॉवेल गुंडाळून. मागे वडील, डोक्याला साडीचा पट्टा बांधलेला, आणि त्यांच्या शेजारी तो गडी. त्याला रस्त्यात सोडायचं कसं? वडिलांचं एकच म्हणणं होतं, हात आपण मोडलाय.

"कुठला रं तू?" वडिलांनी विचारलं.

"आटपाडीकडचा."

"मेंढरं हायती का घरी?"

"व्हती. इकली."

"लय दुखतंय का?"

"तुमीच मारलंय की, आवं."

"मग? लेकाचा हात मोडताना बघत बसू व्हय?"

"न्हाई. ते बरूबर हाय तुमचं."

थोड्या वेळाने वडिलांनी विचारलं, "म्याच बघितलीस का ती बायकांची?"

"मला किरकेट कळत न्हाई, आबा. मला पाचशे रुपय हजेरी हाय."

भाऊ पुढून म्हणाला, "मी त्या दिवशी नाजेरियावरच लावणार हुतो. ती उंच पोरगी फॉर्मात हुती." आणि मग दुखलं म्हणून शिवी दिली.

इस्पितळात फोटो काढले. भावाच्या मधल्या आणि करंगळीजवळच्या बोटांची तळव्यातली हाडं मोडली होती. कागदावर 'मशीनमध्ये हात' असं लिहिलं गेलं. पोलिसांत जायचं तर सट्टा भावाचाही निघणार होता. ती नोंद खोटी आहे आणि तिच्याखाली सही माझी आहे.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशननंतर भाऊ म्हणाला, "माज्या फोनात सगळं कॉल आपसूक टेप हुत्यात."

"काल का नाही बोललास?"

"हात त्यात असताना आठवतंय व्हय, दादा?"

आम्ही फोन शोधला. कॉल पुरा होता. म्होरक्याने 'दोन'वर कापला होता, त्याच्यापुढे वडिलांचा आवाज होता: "दोनच. रोज दोनच असत्यात. कालवण बी बरं हुतं, अंबाडीची भाजी. तुमचं जेवान झालं का?" आणि पलीकडून कुणीतरी, बहुधा सौदे लिहून घेणारा, म्हणत होता, "व्हय, झालं."

मी त्याचं काय करावं याचा विचार करत बसलो. भावाच्या बायकोने विचार केला नाही. तिने तो कॉल गावाच्या ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत तो कडेगावात, तिथून विट्यात, तासगावात पोचला. चहाच्या टपरीवर माणसं एकमेकांना "खाल्लं का?" विचारू लागली आणि "दोन, कालवण बरं हुतं" असं उत्तर मिळू लागलं. म्होरक्याच्या गिऱ्हाइकांना तर आयतंच सापडलं. त्याने भाव सांगायला फोन केला की पलीकडून आधी भाजी कसली होती ते सांगायचे. हरलेले दोघेतिघे म्हणाले, आम्हीही त्या दिवशी भाकरीच म्हणालो होतो.

गुरुवारी त्याचा मला फोन आला. एक ऐंशी कधी देता, असं तो विचारील म्हणून मी उत्तर लिहून ठेवलं होतं. तो म्हणाला, "सायेब, तेवढं ग्रुपवरनं काढायला सांगा."

"आणि पैसे?"

"कसलं पैसं? काढा म्हनतोय न्हवं तेवढं."

तो कॉल काढणं आता कुणाच्याच हातात नव्हतं. तसं मी त्याला सांगितलं.

भावाची दोन बोटं पुरती मिटत नाहीत. कापायचं काम आता सगळं बायको करते, तो मापं घेतो. ते सामने तो अजून बघतो. पैसे लावत नाही, असं तो म्हणतो आणि मी फोन तपासत नाही.

आठ आठवड्यांनी तो आटपाडीकडचा गडी दुकानात आला. प्लास्टर निघालं होतं, हात बारीक झाला होता. उभ्या उभ्याच वडिलांना म्हणाला, "त्यानं त्या दिसाची हजेरी दिली न्हाई. म्हनतोय, काम पुरं झालं न्हाई तुजं."

शेवटी दिले गेले ते असे. भावाच्या हातासाठी इस्पितळाला एकावन्न हजार चारशे, वडिलांच्या चार टाक्यांसाठी सहाशे पन्नास, त्या गड्याच्या फोटो आणि प्लास्टरसाठी सात हजार दोनशे, तिन्ही मी भरले. म्होरक्याला काही नाही. आणि पाचशे रुपये वडिलांनी आपल्या पेन्शनमधून काढून त्या गड्याच्या डाव्या हातात दिले.