तुमच्याच घराचा पेढा

या जगात घर घेणारी माणसं असतात, घर विकणारी असतात, आणि दोघांच्या मध्ये उभं राहून आपलं पोट भरणारीही असतात. पण या तिघांपैकी कोणीही नसताना, गावात यंदा किती घरं विकली गेली, दुकानांची विक्री वाढली की मंदावली, याचीच काळजी वाहत जन्म काढणारा माणूस परमेश्वराने एकच केला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या नणंदेच्या पदरात टाकला. त्यांना सगळे अण्णा म्हणत. धारवाडच्या एका शाळेत ते चित्रकलेचे मास्तर होते. शाळा सुटली की इतर मास्तर शिकवण्यांना पळत, अण्णा खडूचे हात झटकून खरेदीखतं नोंदवतात त्या सरकारी कचेरीच्या अंगणात जाऊन बसत. तिथे त्यांचं काडीचं काम नसे. स्वतः ते दोन खोल्यांत भाड्याने राहत होते आणि पुढेही राहिले. माझी नणंद, म्हणजे आमच्या अक्का, कोणी विचारलं तर सांगायच्या, "ते कचेरीत गेलेत. घरं मोजायला."

मोजायची त्यांची पद्धत मात्र सरकारी नव्हती. आमच्याकडे खरेदीखतावर सह्या झाल्या की घेणारा माणूस अंगणात पेढे वाटतो. धारवाडात पेढ्याला काय तोटा, कारण मिळायचा अवकाश. अण्णांच्या हातावर किती पेढे आले त्यावरून ते बाजाराची नाडी बघत. पुडी मोठी असेल तर घर, लहान असेल तर मोकळी जागा, आणि देणाऱ्याने तोंड वाकडं करून दिला तर भावाभावांच्या वाटणीतलं. एका उन्हाळ्यात त्यांना इतके पेढे मिळाले, की घरांना असा उठाव आपण आयुष्यात पाहिला नाही, असं त्यांनी आमच्याकडे येऊन जाहीर केलं. नंतर कळलं की त्या आठवड्यात दहावीचे निकाल लागले होते आणि पास झालेल्या पोरांचे बाप कचेरीभर पेढे वाटत फिरत होते. शाळेतच नोकरी करणाऱ्या माणसाच्या हे ध्यानात येऊ नये, याचं आश्चर्य अक्का सोडून सगळ्यांना वाटलं.

पेढ्यांशिवाय त्यांच्याकडे आणखीही आडाखे होते. रस्त्याने सामानाची गाडी चालली की ते थबकत. देवाचा फोटो आणि दुधाचं पातेलं वर दिसलं तर घर विकत घेतलेलं, गादीची वळकटी वर असली तर भाड्याचं. दुकानांचं शास्त्र वेगळं. हुबळीचा माणूस आधी दुकान घेतो आणि त्याच्या मागे राहतो, धारवाडचा माणूस आधी घर घेतो आणि पुढची खोली वकिलाला भाड्याने देतो. म्हणून हुबळीत दुकानं किती खपली आणि धारवाडात घरं किती खपली यांची कधी बेरीज करू नये, असं ते बजावत. जणू मी रोज संध्याकाळी दिवा लावून ती बेरीज करत होते. धारवाडजवळच्या बेलूरला कारखाने येणार अशी बोलवा उठली तेव्हा तर अण्णा महिनाभर नीट जेवले नाहीत. कामगार आले की धारवाडची घरं संपणार, घरं संपली की लोक हुबळीकडे वळणार, आणि गोकुळ रोडच्या वर्कशॉपांच्या मागे मोकळी पडलेली रानं बघता बघता नाहीशी होणार. यातलं थोडंफार पुढे खरंही झालं. पण ते झालं तेव्हा अण्णांचं लक्ष दुसरीकडे होतं.

आता मी तेव्हा काय करत होते ते सांगते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. नवी सून, अंगावर नवी साडी आणि डोक्यात हवा. हळदीकुंकवाला गेले की अण्णांची वाक्यं मी माझी म्हणून खपवायची. बायका लोणच्याच्या फोडींबद्दल बोलत असत आणि मी मध्येच खाकरून म्हणायची की सध्या व्यवहार थंडावलेत, दिवाळीनंतर बघा. एका बिचारीने ते ऐकून नवऱ्याला जागा घेऊ दिली नाही. पुढे ती मला रस्त्यात दिसली की पलीकडच्या बाजूने जायची, आणि मला वाटायचं, माझ्या विद्वत्तेला बिचकते.

खरी गोष्ट अशी की आम्हालाच घर हवं होतं. हुबळीत एका जुन्या घराच्या मागच्या भागात आम्ही भाड्याने राहत होतो. आमचे हे गोकुळ रोडच्या एका वर्कशॉपमध्ये हिशेब बघत, सासूबाई आमच्याजवळ असत, आणि पाणी अंगणातल्या एकाच नळाचं. मला विद्यानगरात घर पाहिजे होतं. कारण विचारलं तर मी कॉलेजं जवळ आहेत, मुलं शिकतील वगैरे सांगायची. मुलं अजून झालेली नव्हती. खरं कारण म्हणजे तिकडच्या बायका संध्याकाळी फाटकात उभ्या राहून बोलत, आणि मला फाटक पाहिजे होतं. मी तर खिडक्यांच्या आधी पडदे शिवून ठेवले होते. पिशवीत घालून प्रत्येक घर बघायला न्यायची आणि पडदा आखूड पडला की घर नापसंत करायची.

घर बघायला जायचं ते रविवारी, आणि अण्णांबरोबर. सकाळच्या बसने ते धारवाडहून येत, आमच्याकडे जेवत आणि टोपी घालून उभे राहत. मग उन्हात आम्ही तिघं. पुढे अण्णा, मध्ये हे, मागे पडद्यांची पिशवी घेतलेली मी. घरवाला काय सांगतो इकडे अण्णांचं लक्षच नसे. ते शेजारपाजाऱ्यांना विचारत सुटत की या गल्लीत यंदा किती विकली गेली. चार विकली गेली असं ऐकलं तर म्हणत, "तडीरी. लोक तुटून पडलेत, भाव चढलाय, थांबा." एकही विकलं गेलं नाही असं ऐकलं तर म्हणत, "तडीरी. कोणीच घेत नाही म्हणजे काहीतरी असणार." कानडीत तडीरी म्हणजे थांबा. त्या एका शब्दावर आमची वर्षं गेली. बरं, दिवस तरी मोकळे असावेत. आषाढ कानडी मंडळींना चालत नाही, पितृपक्ष आपल्याला चालत नाही, धनुर्मास दोघांनाही. कानडी लोकांना अमावास्या शुभ, म्हणून त्या दिवशी कचेरीत गर्दी, म्हणून ती नको. आणि आपल्याला अशुभ, म्हणूनही नको. अण्णा दोन्हीकडचे वाईट दिवस पाळत आणि दोन्हीकडचे चांगले दिवस सोडून देत.

तुम्ही म्हणाल, मग त्यांचं ऐकलं कशाला? तर ते जावई होते. आमच्या घरात जावयाचा शब्द खाली पडू देत नसत. सासूबाईंचा तो धर्मच. जावयाने मीठ जास्त झालं म्हटलं तर आमटी नव्याने व्हायची, मग घराचं काय घेऊन बसलात. अण्णा थांबा म्हणाले की सासूबाई मान डोलवत, हे गप्प बसत आणि मी पडद्यांची घडी घालत असे. सुरुवातीला मला त्या हिंडण्याची मौज वाटायची. पुढे मुलं झाली, कडेवर एक आणि हाताला एक अशी मी हिंडू लागले. पडद्यांचा रंग उडाला. ऐंशी साल उजाडेपर्यंत अशी पाळी आली, की कुठे ‘घर विकणे आहे’ अशी पाटी दिसली की माझ्या पोटऱ्या आपोआप दुखायला लागत.

आणि मग एका मे महिन्यात, शाळेला सुटी असताना, अण्णा भर दुपारी अवचित हुबळीला आमच्या दारात उभे राहिले. वार रविवार नव्हता. तोंडावर असा आनंद, की मला वाटलं बढती मिळाली. सुटीत करमत नाही म्हणून ते हुबळीच्या कचेरीत जाऊन बसले होते. तिथे एका खरेदीला साक्षीदार कमी पडत होता, तर यांनी सही करून दिली. साक्षीदाराची सही त्यांच्या हातून पहिल्यांदाच झाली होती. त्यांनी खिशातून पुडी काढून सासूबाईंच्या पुढे ठेवली.

"कुठला हो पेढा?" सासूबाईंनी कौतुकाने विचारलं.

"तुमच्याच घराचा," अण्णा म्हणाले.

आमच्या घरमालकाने आम्हाला पत्ता न लागू देता ते घर एका कापडवाल्याला विकलं होतं. त्याला तिथे गोदाम करायचं होतं. दसऱ्याच्या आत आम्हाला जागा सोडावी लागणार होती. अण्णा मात्र पाटावर बसून समजावून सांगत होते की बघा, मी म्हणत नव्हतो का, राहती घरं दुकानांच्या पोटात जाणार म्हणून. हे त्याचं पहिलं उदाहरण. आपण ज्या छपराखाली बसलो आहोत तेच ते उदाहरण आहे, हे त्यांना जाणवलं नव्हतं. मी धाकटीला मांडीवर घेऊन नुसती बसून राहिले. रडायलासुद्धा कंटाळा आला होता.

सासूबाईंनी पेढा उचलला, अण्णांच्या हातावर ठेवला आणि पदर सारखा करून अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, पेढा तुम्ही खा. घर आम्ही घेतो."

त्या घरात जावयाला असं कोणी म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं आणि शेवटचंही. अण्णांनी पेढा तोंडात टाकला.

एक घर आमच्या आधीच डोक्यात होतं. विद्यानगरात एक कानडी बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, मुलाकडे बंगळुराला जायला निघाल्या होत्या. लहानसंच घर, पण फाटक होतं. त्यांना व्यवहार अमावास्येलाच करायचा होता, त्यांचा तो चांगला दिवस. सासूबाई म्हणाल्या, त्यांचा चांगला तो आपलाही. अण्णांना विचारायचं नाही, नुसतं कळवायचं असं ठरलं. आणि मान म्हणून साक्षीदाराची सही त्यांचीच घ्यायची. ते आले. इस्त्रीचा सदरा घालून आले. सही करायची वेळ आली तेव्हा पेन हातात धरून ते अंगणातल्या गर्दीकडे बघत राहिले. शेवटी कारकून म्हणाला, "मास्तर, सही माड्री, हिंद मंदी निंतार." मागे लोक खोळंबले होते. अण्णांनी सही केली. चित्रकलेच्या मास्तरांची सुरेख, वळणदार सही. त्या दिवशी बाजार चढता होता की उतरता, हे त्यांनी सांगितलं नाही.

वास्तुशांतीला ते जेवून गेले. त्याच्या पुढच्या रविवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. मला आधी हायसं वाटलं. कित्येक वर्षांत प्रथमच रविवारी दुपारी मी पाय पसरून झोपले. उठून फाटकात उभी राहिले, शेजारणींशी बोलले, आणि कळलं की त्या रोज संध्याकाळी तिथे लोणच्याच्या फोडींबद्दलच बोलतात.

मग एक दिवस अक्का एकट्याच आल्या. चहा घेतला, घर बघितलं, भिंतीला हात लावून बघितला. जायच्या वेळी उंबऱ्याशी थांबून म्हणाल्या, "रविवारी उठून अंघोळ करून टोपी घालतात. मग मला विचारतात, आज हुबळीला आपलं काय काम आहे? मी काय सांगू ग?"

त्यांना मूलबाळ नव्हतं. आम्हाला घर मिळू नये अशी त्या माणसाची इच्छा होती असं मी म्हणणार नाही. पण घर मिळाल्यावर आपण कोणाबरोबर हिंडणार, हा विचार त्यांच्या त्या सगळ्या आडाख्यांच्या तळाशी कुठेतरी असेल, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं. पुढच्या रविवारी मी बस धरून धारवाडला गेले. अण्णा टोपी घालून खुर्चीत बसले होते. मी म्हटलं, आमच्या मागच्या गल्लीत एक घर निघालंय, जरा बघून सांगा.

"कोण घेतंय?"

"कोणी नाही. नुसतं बघायचं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. समजायचं ते समजले असावेत, पण उठले.

त्या घराचा मालक चौकस होता. अण्णा शेजाऱ्यांना गाठायला निघणार इतक्यात त्याने मलाच विचारलं, घेणार कोण? माझी पंचाईत झाली. तोंडाला आलं ते सांगून टाकलं, की माझ्या नणंदेसाठी बघतोय. अण्णा जागच्या जागी थांबले. शेजाऱ्यांकडे गेले नाहीत. टोपी काढून हळूच आत गेले, थेट स्वयंपाकघरात. मी मागून गेले तर ते खिडकीची कडी काढत होते. कडी गंजली होती, दोन्ही हातांनी ओढून त्यांनी ती उघडली आणि ऊन ओट्यावर कुठपर्यंत येतंय ते बघत उभे राहिले. इतकी वर्षं मी त्यांच्या मागे हिंडले, पण घराच्या आत जाऊन घर बघताना त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तिला उजेड लागतो," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी तिला घेऊन येतो."

आणि खरोखरच घेऊन आले. ते घर त्यांनी घेतलं नाही, दुसरंही घेतलं नाही. निवृत्ती जवळ आली होती आणि घर घ्यायचं वय मागे पडलं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण पुढची चार-दोन वर्षं, अण्णा होते तोवर, रविवारी दोघं बसमधून उतरत आणि आम्ही निघत असू. माझे पाय दुखत, अक्कांचे तर माझ्याहून जास्त. गल्लीत किती विकली गेली हे अण्णा आता विचारत नसत. ते आधी आत जात, स्वयंपाकघराची खिडकी उघडत आणि बाजूला सरकून अक्कांना तिथे उभं राहायला जागा करून देत.