सेलवरची पिवळी रेघ

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. एका माणसाला मी बहिरा ठरवलं, आणि माझ्या शब्दावर विसंबून तो बहिरा राहिला.

दारव्ह्यात माझं घड्याळदुरुस्तीचं टिनाचं दुकान आहे. शेजारी चाचा शिलाई करत. त्यांना कमी ऐकू यायचं. खिशात काडेपेटीएवढं मशीन, त्यातून कानापर्यंत वायर, आत एक पेन्सिल सेल. माझ्याकडे तेव्हा सेलच्या एका पाकिटासोबत सेल तपासायची पट्टी आली होती. ती सेलवर आडवी धरून दोन्ही टोकांना दाबायची. सेलमध्ये जोर असला की पट्टी तापते आणि काळ्यावर पिवळी रेघ चढते. तापल्यानं रंग बदलतो हे पाकिटावर लिहिलं होतं. मी वाचलंही होतं.

मे महिन्यात एका दुपारी चाचा आले. "पाह्य रे, मशीन मुकं झालं. सकाळपासून सेल टिनावर ठेवला होता, तरी बोलत नाही."

उतरलेला सेल उन्हात ठेवला की थोडा चालतो. आमच्याकडे सगळेच ठेवतात. चाचांच्या सेलचा हाताला चटका बसत होता. मी पट्टी लावली. रेघ थेट टोकापर्यंत.

त्यांच्या कानाशी ओरडलो, "चाचा, सेल फुल्ल आहे! तुमचे कानच रिटायर झाले!"

गिऱ्हाईक हसलं. चाचाही हसले. "चला, घरवालीच्या कटकटीतून सुटलो."

समोर डब्यात नवे सेल होते. एक घालून पाहावा असं मला का सुचलं नाही? की सुचलं होतं? टोकं दाबायच्या आधीच रेघ चढू लागली होती, असं आता आठवतं. पण ते तेव्हा पाहिलं की नंतर मनानं जोडलं, खरंच कळत नाही.

चाचांनी मशीन लावणं सोडलं. गिऱ्हाईक काय सांगतं ते समजेना, म्हणून दिवाळीआधी मुलानं त्यांची शिलाई बंद केली.

पुढच्या उन्हाळ्यात ती पट्टी काउंटरवर उन्हात राहिली. सेल नाही, बोट नाही, तरी पूर्ण पिवळी. सावलीत आणली, काळी. परत उन्हात, पिवळी. किती वेळ हेच करत बसलो कोण जाणे.

नवा सेल खिशात घालून चाचांच्या घरी गेलो. त्यांनी नातीची पाटी पुढे केली. "लिही. ओरडू नको, लोकं म्हणतील भांडून राह्यले."

मी लिहिलं, तब्येत कशी आहे?

"मस्त. तू येत जा न बे."

चहा प्यायलो आणि सेल तसाच घेऊन परतलो. लाज होती, भीती होती, की मुलगा समोर बसला होता म्हणून? अजून उलगडत नाही.

चाचा अजून आहेत. त्यांचं माझ्याकडे एक वाक्य बाकी आहे: कान गेले नव्हते, सेल गेला होता, चूक माझी.