मामा, मोर आणि करमाफी

आमच्या हिच्या मामांनी जिच्यावर राग काढला नाही, अशी वस्तू अख्ख्या सोलापुरात शिल्लक नव्हती. माणसं सोडाच, ते उन्हाला शिव्या घालत, भाकरी फुगली नाही तर भाकरीला झापत. आणि सात रस्त्याच्या दुकानांत टांगलेल्या चादरींशी तर त्यांचं हाडवैर. माळशिरसकडची शेती भावांवर टाकून ते चादरीच्या कारखान्यात विणकर झाले होते. दुकानासमोर सायकल थांबवायची, चादरीवरच्या मोराकडे बोट करायचं आणि मला विचारायचं, "जावईबापू, ह्यो मोर हाय का लंगडी कोंबडी? आन् ही चादर मीच इनलीया की!" दुकानदार गल्ल्यामागं लपायचा.

त्यांचं साधं बोलणंही पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं उठवायचं. आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलेलं. तिथं कान निकामी असतात, विणकर एकमेकांचे ओठ वाचतात. एकदा पंगतीत मी हिच्या कानाशी पुटपुटलो, "आमटी थोडीच उरलीय, मामांना जपून वाढ." समोरून गर्जना आली, "मला नगंच वाढू! सगळी वत तुज्या नवऱ्याच्या ताटात!"

मोर सरळ करायचा तर नक्षीचे पुठ्ठे पाडायला शिकायला हवं. पुठ्ठ्याला जिथं भोक, तिथं मागावर धागा उचलतो. भोक चुकलं की मोर लंगडा. शिवाय ते काम बसून करायचं असतं, आणि उभं राहून राहून मामांचे गुडघे गेले होते. एवढीच त्यांची मागणी होती आयुष्याकडे.

त्याच सुमारास कारखान्यात कामगार प्रशिक्षण फंड निघाला. दरमहा पगारातून थोडं कापायचं, तेवढंच मालकांनी घालायचं, आणि त्या पैशावर आयकर माफ. मी तिथं कारकून, फंडाचं काम माझ्याकडेच. करमाफीचं मोठ्या तोऱ्यात समजावायला गेलो, तर मामा उसळले. "आमाला कर लागतोय कुटं? टकल्याला कंगवा फुकट व्हय!" तरी पहिली सही त्यांनीच ठोकली.

कापायला एक महिना चुकला नाही. वर्ग एकही भरला नाही. प्रशिक्षणाच्या खोलीत मॅनेजरांची स्कूटर उभी असायची, आणि मालक दरसाल आपल्या वाट्यावरची सूट चोख वसूल करायचे. विणकरांच्या भाकरीतला तुकडा मोडून स्वतःचा कर वाचवायचा, याला आम्ही ऑफिसात कामगार कल्याण म्हणत होतो! मला हे सगळं ठाऊक होतं आणि मी त्यावर शिक्के मारत होतो.

मग आवारात फंडाची सभा झाली. मॅनेजर टेबलामागे, मी त्यांच्या शेजारी. कुणीतरी वर्गाचं विचारलं, तसे मॅनेजर माझ्याकडे झुकून कुजबुजले, "कसले वर्ग? सूट मिळाली, संपलं. शिकले तर पगार वाढवून मागतील." मी हसून म्हणालो, "खरंय, साहेब."

समोर सगळे विणकरच बसलेत, हे आम्हा दोघाही शहाण्यांच्या ध्यानात आलं नाही.

मामा ताडकन उठले आणि मॅनेजरांचं वाक्यन् वाक्य गरजून म्हणून दाखवलं. माझं उत्तर तेवढं गाळलं. सगळं आवार उभं राहिलं. मॅनेजर पांढरे पडले. "साफ खोटं! विचारा यांना, मी असं बोललो का?"

मामा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"साहेब असं काही बोलले नाहीत," मी म्हणालो.

त्या एका वाक्यावर तक्रार निकालात निघाली. कापणं चालूच राहिलं. त्या मॅनेजरचा मला आजही संताप येतो. पण तो निदान त्याच्या मालकाचं मीठ खात होता. मी कुणाचं खात होतो? मामांच्या मांडीला मांडी लावून जेवलेला मी!

पुढच्या रविवारी ही मला ओढूनच कुंभारीला मामांकडे घेऊन गेली. वाटभर मी शिव्या खायची तयारी करत होतो. खरं सांगतो, मला त्या हव्या होत्या. मामांनी दारात येऊन पाणी दिलं, चटई झटकली आणि हळू आवाजात म्हणाले, "या साहेब, बसा."

पुढं त्यांनी मला जावईबापू कधीच म्हटलं नाही. गुडघे पार बसेपर्यंत ते मागावरच उभे होते. आता त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली. ही अजून पाहुण्यांना कौतुकानं सांगते, "आमचे मामा एवढे तापट, पण ह्यांना शेवटपर्यंत साहेब म्हणायचे हं!"

मी पाहुण्यांना चहा घ्या म्हणतो.